किसोच्या खोऱ्यातील वाटेबाहेरची राने

(व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यान ऐकणाऱ्यांपेक्षा स्मरणिका वाचणारे संख्येने अधिक असतात, हे मी अनुभवाने जाणतो. म्हणून जे बोललो ते लिहून देताना मी तुमच्याशी, म्हणजे हे पान हाती घेऊन बसलेल्या वाचकाशीच बोलत आहे असे समजावे. विषय जपानचा आहे. परंतु टोकियो, वेगवान गाड्या आणि फुजी पर्वत यांविषयी तुम्ही पुष्कळ ऐकले असेल, त्यात मी भर घालणार नाही. जपानच्या मध्यभागी नागानो प्रांतात किसो नावाचे एक अरुंद, लांबलचक खोरे आहे. पूर्वेस किसो-कोमागाताके हे २,९५६ मीटरचे शिखर, पश्चिमेस ओन्ताके हा ३,०६७ मीटर उंचीचा ज्वालामुखी, आणि मधून किसो नदी नैर्ऋत्येकडे वाहत जाते. मी भूगोलाचा शिक्षक. या खोऱ्यात मी दोनदा गेलो. पहिल्या खेपेस जे माझ्या डोळ्यांसमोरून निसटले, ते दुसऱ्या खेपेस सापडले. त्याची हकीकत सांगावी, एवढाच माझा हेतू आहे.

पूर्वी एदो, म्हणजे आजचे टोकियो, आणि क्योतो यांना जोडणारा डोंगरातला एक राजमार्ग होता. त्याचे नाव नाकासेन्दो. त्यावर एकोणसत्तर मुक्कामाची गावे होती आणि त्यांपैकी अकरा किसोच्या खोऱ्यात होती. मागोमे आणि त्सुमागो ही त्यांतली दोन गावे. त्यांच्यामधली सुमारे आठ किलोमीटरची जुनी पायवाट आज जगभरच्या प्रवाशांनी गजबजलेली असते. त्सुमागोच्या रहिवाशांनी १९७१ साली आपसात ठराव केला की गावातली घरे विकायची नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत आणि मोडायची नाहीत. त्यामुळे ती लाकडी घरे टिकली आणि त्यांच्यामागोमाग पाहुणे आले. तुम्ही गेलात तर ही वाट जरूर चालावी. मी तिच्याविषयी अधिक सांगत नाही, कारण ती सांगणारे पुष्कळ आहेत.

मला बोलायचे आहे ते त्या वाटेवरच्या एका ठिकाणाविषयी. मागोमेहून चढून सुमारे आठशे मीटर उंचीची खिंड ओलांडली आणि त्सुमागोच्या बाजूस थोडे उतरले की एक जुने चहाघर लागते. जागेचे नाव इचिकोकुतोची. सगळे तिथे बसतात, चूल पाहतात, चहा घेतात, छायाचित्रे काढतात. मीही तेच केले. चहाघराजवळच एक जुने नाके होते आणि तिथे त्याची पाटी आहे, ती मी पहिल्या खेपेस वाचलीच नाही. दुसऱ्या खेपेस पाऊस लागला म्हणून थांबावे लागले आणि करायला दुसरे काही नव्हते म्हणून वाचली. हे नाके माणसांसाठी नव्हते. ते लाकडासाठी होते. १७४९ पासून १८६९ पर्यंत या वाटेने जाणाऱ्या लाकडी मालाची इथे झडती होत असे. एखादी लहानशी लाकडी वस्तू असली तरी तिच्यावर परवानगीचा डागलेला शिक्का आहे की नाही, हे पाहिले जाई.

एवढा कडक पहारा कशापायी? किसोच्या रानांत शिरण्यापूर्वी हे समजून घेतले पाहिजे, नाही तर तिथली झाडे नुसती झाडेच दिसतील.

सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत जपानात किल्ले आणि शहरे झपाट्याने उभी राहिली. त्यांना लाकूड लागले आणि ते किसोतून गेले. इथे हिनोकी नावाचा सूचिपर्णी वृक्ष होतो. त्याचे लाकूड सरळ, हलके, सुवासिक आणि शतकानुशतके न कुजणारे. १६१५ पासून हे खोरे नागोयाच्या ओवारी संस्थानाकडे आले. तोडलेले ओंडके नदीत सुटे सोडून देत, खालच्या अंगाला दोर आडवे बांधून ते अडवीत आणि तिथून तराफे करून नागोयाकडे नेत. काही दशकांत डोंगर उघडे पडले. मग संस्थानाला जाग आली. १६६५ पासून मोठमोठ्या पट्ट्यांत प्रवेशबंदी झाली. शिकारी ससाण्यांची घरटी असलेली रानेही वेगळी राखली. १७०८ साली हिनोकीबरोबर तिच्यासारख्या दिसणाऱ्या झाडांचीही तोड बंद केली, म्हणजे चुकून तोडली, ओळखू आली नाही, अशी सबब कोणाला सांगता येऊ नये. हिनोकी, सावारा, आसुनारो, कोयामाकी आणि मागाहून नेझुको, असे हे पाच वृक्ष. एक झाड तोडले तर एक डोके जाईल, अशी म्हणच त्या खोऱ्यात रूढ झाली.

डोंगरात शेतजमीन थोडी, रान मात्र दाराशी. आणि त्या रानातले चांगले झाड आपले नव्हे! घराचा वासा कुजला तरी वर मान करून पाहायचे आणि गप्प बसायचे. संस्थान गावांना ठरावीक लाकूड देई. त्यावर फण्या, डबे, लाखकामाची भांडी करून लोक पोट भरीत. याबुहारा गावच्या लाकडी फण्या आणि नाराईजवळची लाखेची भांडी आजही मिळतात. ती घेताना हा हिशेब मनात असू द्यावा.

आता तुम्ही आगेमात्सु स्टेशनवर उतरा. तिथून हंगामात आकासावा नावाच्या रानाकडे बस जाते, अर्ध्या तासाचा रस्ता आहे. सातशेहून अधिक हेक्टरांचे हे रान आज ‘नैसर्गिक विश्रांतिवन’ म्हणून राखलेले आहे. ‘शिनरिन-योकु’ हा शब्द आता तुम्ही कुठे ना कुठे वाचला असेल. शिनरिन म्हणजे अरण्य, योकु म्हणजे स्नान. झाडांच्या सहवासात निवांत हिंडावे आणि शरीर-मनाला विश्रांती द्यावी, ही कल्पना. हा शब्द फार पुरातन आहे असा पुष्कळांचा समज असतो. तो तसा नाही. जपानच्या वनखात्याने तो १९८२ साली पुढे आणला आणि त्या नावाचा देशातला पहिला मेळावा त्याच वर्षी याच आकासावात भरला. आज जगभर अरण्यस्नानाची पुस्तके विकली जातात, पण ते जिथे सुरू झाले त्या रानात परदेशी प्रवासी तुरळकच दिसतो. तो आठ किलोमीटरची वाट चालून, चहा पिऊन, पुढच्या गाडीने निघून गेलेला असतो.

आकासावात पाऊल टाकताच पहिली गोष्ट जाणवते ती अशी की झाडे जवळजवळ एकाच वयाची आहेत. तीनशे वर्षांहून अधिक. हे असे का? सतराव्या शतकातल्या तोडीनंतर जे बी पडले, ते बंदीच्या आडोशाने वाढले, म्हणून. म्हणजे तुम्ही ज्या सावलीत उभे असता ती अनादि अरण्याची सावली नव्हे. एका उजाड डोंगरावर, धाकाच्या छत्राखाली पुन्हा उगवलेले हे रान आहे. खोड हाताने चाचपून पाहा. साल लांबट पट्ट्यांनी सुटते आणि तांबूस असते. मान मागे टाकल्याखेरीज शेंडा दिसत नाही. लाकडाचा वास दमट हवेत अधिक येतो, म्हणून पाऊस पडून गेल्यावर जावे असे मी सांगेन. ओढ्याचे पाणी इतके स्वच्छ की तळाचा खडा न् खडा मोजावा.

दुसरी गोष्ट खाली पाहिल्यावर कळते. हिनोकीची रोपटी फारशी दिसत नाहीत, आसुनारोची मात्र दाटी असते. आसुनारोचे पोर सावलीत तग धरते, हिनोकीला मात्र उजेड हवा. माणसाने हात लावला नाही तर उद्याचे रान हिनोकीचे राहीलच असे नाही. राखलेले रान जसेच्या तसे राहते हा आपला गोड गैरसमज आहे. आसुनारो काढून हिनोकीला वाव द्यावा, की रानाला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे, हा तिथल्या वनपालांपुढचा खरा पेच आहे. मला विचाराल तर काही भाग अगदी हात न लावता ठेवावा या मताचा मी आहे, परंतु वनपाल नसल्यामुळे असे मत देणे मला सोपे जाते, हेही खरे.

इसे येथील देवस्थानाच्या इमारती दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. त्यासाठी लागणारी हिनोकी इथूनही जाते. २०३३ साली व्हावयाच्या पुनर्बांधणीसाठी जून २०२५ मध्ये आगेमात्सुच्या रानात समारंभपूर्वक झाडे तोडली. तोडण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. करवत नाही, फक्त कुऱ्हाडी. बुंधा तीन बाजूंनी पोखरीत नेतात. शेवटी झाड तीन पायांच्या तिवईवर उभे असल्यासारखे दिसते. मग एक पाय तोडला की ते नेमक्या ठरलेल्या दिशेला पडते. १९८५ सालच्या अशाच तोडीचा बुंधा आकासावात राखून ठेवला आहे. तो पाहिल्यावाचून परतू नये.

याच रानात एक छोटी आगगाडी आहे. मुले बरोबर असतील तर ती तुम्हाला दुसरे काही पाहू देणार नाहीत! नदीवर विजेसाठी बंधारे होऊ लागले आणि ओंडके वाहून नेणे अवघड झाले, म्हणून १९१६ साली इथे वनरेल्वे सुरू झाली. किसोतली शेवटची मोठी वनरेल्वे १९७५ साली बंद पडली. १९८७ पासून आकासावात सुमारे अकराशे मीटरपर्यंत हौशी प्रवाशांसाठी गाडी धावते. अमेरिकेत बनलेले बाल्डविन कंपनीचे जुने वाफेचे इंजिन तिथेच ठेवलेले आहे. नोव्हेंबरच्या आरंभापासून एप्रिलच्या अखेरपर्यंत रान बंद असते, हे लक्षात ठेवून बेत आखावा.

संस्थान गेले, १८६८ साली नवे राज्य आले, तेव्हा किसोच्या लोकांना वाटले की आता रान मोकळे होईल. झाले उलटेच. संस्थानाच्या काळी काही डोंगर तरी गावांना सरपणासाठी, इतर झाडांसाठी खुले होते. नव्या सरकारने तेही सरकारी म्हणून लिहून घेतले. मागोमेच्या एका मुक्कामप्रमुखाने शेजारच्या गावांना एकत्र करून अर्ज केले, आणि त्यापायी त्याचे पद गेले. तो पुढे खचला, अखेरच्या दिवसांत त्याला वेड लागले, त्याला कोंडून ठेवावे लागले आणि १८८६ साली तो वारला. त्याचा मुलगा म्हणजे जपानचा थोर कादंबरीकार शिमाझाकी तोसोन. त्याने १९२९ ते १९३५ या काळात ‘योआके माए’, म्हणजे ‘पहाटेपूर्वी’, ही मोठी कादंबरी लिहिली. तिच्या नायकाच्या रूपात तोसोनचा बापच उभा आहे. १९८७ साली तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. विद्यार्थीमित्रांनो, जाण्याआधी एकच पुस्तक वाचणार असाल तर मार्गदर्शिका बाजूला ठेवून हे वाचा. १८८९ साली ही राने राजघराण्याच्या मालकीत गेली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, राष्ट्रीय वने झाली.

मागोमेत तोसोनचे स्मारक आहे आणि तिथेही गर्दी असते. परंतु ज्या डोंगरांसाठी ते अर्ज होते, त्यांच्याकडे फारसे कोणी वळत नाही.

ते वळावे म्हणून आता नदीच्या उपशाखांकडे चला. नोजिरी हे लहानसे स्टेशन. तिथून चालत नदी ओलांडली की आतेराची दरी सुरू होते. पाण्याचा रंग असा की काठावर उभे राहून शंका यावी, कोणी काही मिसळले तर नाही? वास्तविक पाणी नितळ आहे, तळाला फिकट रंगाचे खडक आहेत आणि उजेड आत शिरून हिरवट निळा होऊन परततो. डोहांची नावे जनावरांवरून पडली आहेत. कोल्ह्याचा डोह, अस्वलाचा डोह, गाईचा डोह, आणि ‘कुत्रा माघारी फिरला तो डोह’. उन्हाळ्यात आसपासच्या शहरांतून लोक पोहायला येतात, म्हणून त्या दिवसांत खासगी मोटारींवर निर्बंध असतो. मी ऑक्टोबरात गेलो तेव्हा दोन तासांत तीन माणसे भेटली. एकाच्या हातात मासेमारीची काठी होती आणि त्याने मला नमस्कारापलीकडे एक शब्द बोलू दिला नाही.

जूनिकाने स्टेशनच्या बाजूला काकिझोरेची दरी आहे. तिथे झुलता पूल ओलांडून बैलाच्या नावाचा एक धबधबा पाहता येतो. वाट सोपी आहे. तिकडे जातानाच एक काँक्रीटचा लांब जलसेतू आडवा येतो. तो १९२३ सालचा आहे आणि आजही विजेसाठी पाणी वाहून नेतो. पलीकडे नागिसो गावात १९२२ सालचा २४७ मीटर लांबीचा लाकडी झुलता पूल आहे. तोही वीज केंद्राच्या बांधकामासाठी उभारला होता. नदीचे लाकूड आधी शहरांना गेले, नंतर तिची वीजही गेली. खडकांचे एक प्रसिद्ध ठिकाण आगेमात्सुजवळ आहे, नेझामे-नो-तोको. पांढऱ्या ग्रॅनाइटचे चौकोनी ठोकळे कोणी रचून ठेवावेत तसे ते दिसतात. परंतु आज जेवढा खडक उघडा दिसतो तेवढा पूर्वी दिसत नसे. वरच्या अंगाला १९६८ साली धरण झाले, पाणी ओसरले आणि तळ वर आला. छायाचित्रात सुंदर दिसणाऱ्या त्या खडकांतला काही भाग म्हणजे नदीचे उघडे पडलेले हाड आहे.

चढण्याची हौस आणि गुडघे दोन्ही शाबूत असतील तर तादाची येथील धबधबे पाहावेत. एक नव्हे, एकामागून एक अशी मालिकाच आहे. सर्वांत देखणा सुमारे चाळीस मीटरांचा आहे. वाट लाकडी फळ्यांवरून आणि शिड्यांवरून जाते. अतिवृष्टीने ती वारंवार खचते, म्हणून निघण्यापूर्वी नागिसोच्या प्रवासी कचेरीत विचारल्याखेरीज पाऊल टाकू नये. पूर्वी अवर्षणात गावकरी इथे पावसासाठी प्रार्थना करीत.

उत्तरेकडे नाराई आणि याबुहारा यांच्यामध्ये तोरी घाट आहे, उंची ११९७ मीटर. नाराईच्या जुन्या रस्त्यावर गर्दी असते, पण ती घाटाकडे फारशी सरकत नाही. घाटावर घोडचेस्टनटच्या जातीची प्रचंड जुनी झाडे आहेत. एका पोकळ बुंध्याच्या झाडाची साल घेतल्यास मूल होते अशी समजूत होती. हा घाट म्हणजे पाणलोटाची धार. इकडचे पाणी जपान समुद्राला जाते, तिकडचे पॅसिफिकला. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना उभे करून दाखवावी अशी जागा. तिथून हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला ओन्ताके दिसतो. पूर्वीचे यात्रेकरू इथूनच त्याला हात जोडीत.

त्या ओन्ताकेकडे आता जाऊ. हा पर्वत श्रद्धेचा आहे. एके काळी दीर्घ व्रत पाळलेल्यांनाच वर चढता येई. १७८५ साली काकुमेई नावाच्या साधकाने सामान्य लोकांना घेऊन चढाई केली आणि वाट सर्वांना खुली झाली. पायथ्याच्या रानात भक्तांनी उभारलेल्या स्मृतिशिळांची दाटी आहे. त्यांवर शेवाळ चढलेले. संध्याकाळी एकट्याने त्यांतून जाताना मी पावले झपझप उचलली, हे कबूल करतो.

हा ज्वालामुखी निजलेला आहे, कदाचित मेलेलाच, असे पूर्वी मानीत. २८ ऑक्टोबर १९७९ रोजी तो अनपेक्षितपणे जागा झाला. इतिहासात नोंद नाही म्हणजे धोका नाही, हे गणित त्या दिवशी चुकले. पुढे १४ सप्टेंबर १९८४ च्या सकाळी ओताकी गावाखाली भूकंप झाला, ६.८ तीव्रतेचा. ओन्ताकेची दक्षिण बाजू कोसळली. सुमारे साडेतीन कोटी घनमीटर दगडमाती काही मिनिटांत दरीतून धावत खाली आली. दरीतले एक उष्णोदकाचे विश्रामगृह माणसांसह नाहीसे झाले. एकूण एकोणतीस माणसे गेली.

त्या ढिगाऱ्याने ओताकी नदी अडली आणि एक तळे झाले. त्याला कोणी भारदस्त नाव दिले नाही. ‘शिझेन-को’, नैसर्गिक तलाव, एवढेच. नदीकाठचे रान जागच्या जागी बुडाले. झाडे मेली, पण उभी राहिली. आज पाण्यातून ती पांढुरकी खोडे वर आलेली दिसतात. वाटाड्याबरोबर लहान होडीने त्यांच्यामधून जाता येते. पहाटे धुके असते, वल्ह्याखेरीज दुसरा आवाज नसतो. छायाचित्रकारांना हे ठिकाण माहीत आहे, इतरांना क्वचित. दर पावसात वरून गाळ येतो आहे आणि खोडे कुजून एकेक करून पडत आहेत. म्हणजे हे तळे काही कायमचे नव्हे. पाहायचे असेल तर आताच पाहावे.

एक गोष्ट मात्र होडीत बसण्यापूर्वी समजून घ्यावी. आपण ज्याला सौंदर्य म्हणतो ते तिथल्या घरांतून कोणाच्या तरी मृत्यूच्या तारखेने ओळखले जाते. गावात त्या दिवसाची स्मृती जिवंत आहे. मी वाटाड्याला विचारले, ‘तुम्ही तेव्हा कुठे होतात?’ त्याने वल्हे थांबवले, डोंगराच्या खचलेल्या बाजूकडे बोट केले आणि म्हणाला, ‘शाळेत.’ पुढे तो बोलला नाही आणि मीही विचारले नाही.

२७ सप्टेंबर २०१४, शनिवार. पानझडीचे रंग भरात आलेले, आकाश निरभ्र, शिखरावर शेकडो माणसे. दुपारी बाराला आठ मिनिटे कमी असताना ओन्ताके पुन्हा फुटला. धोक्याची पातळी त्या वेळी सर्वांत खालची, म्हणजे एक, होती. अठ्ठावन्न मृत आणि पाच जण आजतागायत बेपत्ता. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात ज्वालामुखीने इतके बळी घेतले नव्हते. आता वर आसरे बांधले आहेत, शिरस्त्राण घालून चढावे असे सांगतात, आणि शिखराजवळच्या वाटा परिस्थितीनुसार उघडतात व मिटतात. तरुण मित्रांनो, पातळी ‘एक’ याचा अर्थ ‘निर्धोक’ असा नाही. जपानच्या हवामान खात्याने तेव्हा पातळी एकचे वर्णन ‘सर्वसाधारण’ अशा शब्दाने केले होते. त्या शब्दाने दिशाभूल होते म्हणून तो पुढे बदलला. आता तिथे ‘सक्रिय ज्वालामुखी आहे हे ध्यानात ठेवा’ अशा आशयाचे शब्द आहेत. मी शिखरावर गेलो नाही. पायथ्याचे रान आणि धबधबे मला पुरेसे होते, आणि तुम्हालाही पुरावेत.

ओन्ताकेच्या पायथ्याला, हजार मीटरांहून उंच, काइदाचे पठार आहे. तिथे किसो जातीचे घोडे पाहावयास मिळतात. ठेंगणे, आखूड पायांचे, डोंगरउतारावर खंबीर. जुन्या घरांत त्यांचा तबेला घराच्या छपराखालीच असे, आणि तोही उन्हाच्या, दक्षिणेच्या बाजूला. माणसे गारठ्याच्या बाजूला निजत! लष्कराला मोठे घोडे हवे होते, म्हणून युद्धकाळापर्यंत या लहान जातीच्या नरांचे खच्चीकरण करण्यात आले. एका देवस्थानाला अर्पण केलेला एक नर तेवढा सुटला. १९५१ साली त्याला शिंगरू झाले, ‘तिसरा हारुयामा’ त्याचे नाव. आजच्या कळपाची वंशावळ बहुतांशी त्याच्याकडे जाते. जात वाचवण्यासाठी १९६९ साली गावकऱ्यांनी मंडळ काढले. तिसरा हारुयामा १९७५ साली गेला, त्याचे पेंढा भरलेले शरीर काइदात जपून ठेवले आहे.

याच पठारावर हिवाळ्यात ‘सुंकी’ नावाचे लोणचे खायला मिळते. तांबड्या सलगमाचा पाला मिठाचा कणही न घालता आंबवतात. मीठ समुद्राकाठचे, वाटेवर नाकी, डोंगरात ते महाग, म्हणून ही युक्ती. आंबट चव पहिल्या घासाला चमत्कारिक लागते, तिसऱ्या घासाला आवडते. ते बकव्हीटच्या शेवयांवर घालून देतात. खाण्यापिण्याचे पथ्य पाळणाऱ्यांनी एवढे विचारून घ्यावे की शेवयांबरोबरच्या रश्श्यात तांदळाची गोडसर दारू, मिरिन, घातली आहे काय. बहुधा असते. विचारल्यास नुसत्या शेवया आणि सुंकी आनंदाने देतात, मला दिली.

आता प्रवासाचे चार शब्द. नागोयाहून ‘शिनानो’ नावाची जलद गाडी सुमारे दीड तासात किसो-फुकुशिमाला पोहोचते, पण मी सांगितलेल्या स्टेशनांपैकी बऱ्याच ठिकाणी ती थांबत नाही. तिथे लोकल गाड्याच जातात आणि त्या थोड्या. नोजिरीला एक गाडी चुकली तर पुढच्या गाडीसाठी दोन तास बाकावर बसावे लागते, हे मी बसून पाहिलेले आहे. रानांत अस्वले आहेत. पिशवीला घंटा बांधावी, वाटेवर टांगलेली घंटा जोराने वाजवावी, एकटे फिरू नये. वाट सोडू नये, शेवाळावर पाय देऊ नये. आकासावात पडलेली हिनोकीची ढलपी खिशात घालण्याचा मोह होतो, कारण तिला फार सुरेख वास येतो. ती तिथेच ठेवावी. स्टेशनजवळच्या दुकानात तसलीच ढलपी थोड्या येनला मिळते. मी घेतली, आणि अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. खण उघडला की वास येतो.